तिसऱ्याचा अर्धा गुण

शेवटच्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला की पहिल्या पटावरचे दोघं आधी गुणतक्ता पाहतात आणि मग एकमेकांकडे. पंच म्हणून काम करता करता ही नजर मला ओळखू यायला लागली. कधी दोघं एकाच वेळी पाणी प्यायला बाहेर जातात, कधी दोघांचे वडील चहाच्या टपरीवर शेजारी शेजारी उभे दिसतात. फेरी सुरू होते, हस्तांदोलन होतं, घड्याळ चालू होतं आणि पाच-सात मिनिटांत हात वर जातो. "मॅडम, ड्रॉ." पटावर जवळजवळ सगळे मोहरे अजून उभे असतात. मी निकाल लिहून घेते, दोघांच्या सह्या घेते. नियमात अडवण्यासारखं काही नसतं.

शेवगावात मी बरीच वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवते आणि सुट्ट्यांत स्पर्धांना पंच म्हणून जाते. मुलं शाळा सुटल्यावर येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत काही जण येत नाहीत, घरी हात कमी पडतात. स्पर्धेला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, अमरापूर, तिसगाव, करंजीचा घाट आणि मग नगर. पुण्या-नाशिकला स्पर्धा असली तर मुक्काम आला. प्रवेश शुल्क, भाडं आणि जेवणखाण धरलं तर एका मुलामागे दोन दिवसांचे काही हजार जातात. ते देणारा बाप कुणी ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असतो, कुणाचं छोटं किराणा दुकान असतं, कुणी झेडपीच्या शाळेत शिक्षक असतो. हे आधी सांगते, कारण छोट्या ड्रॉच्या नीतीवर बोलणाऱ्यांना हा हिशेब बहुतेक वेळा माहीत नसतो. तीन हजारांचं बक्षीस समोर दिसत असताना पोराला "लढ" म्हणणं, ज्याला परतीच्या भाड्याची काळजी नाही त्याला सोपं जातं. मी त्या बापांना लोभी म्हणणार नाही.

बरोबरीशीही माझं वैर नाही. दोघं नीट खेळले तर डाव बरोबरीकडे झुकतो, हा या खेळाचा स्वभावच आहे. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि कारुआना जगज्जेतेपदासाठी बसले तेव्हा पारंपरिक पद्धतीचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या अंतिम सामन्यातही पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत होते. निकाल लागला तो जलद डावांत. ते डाव आम्ही वर्गात एकेक चाल थांबून पाहिले. मुलांना मी सांगितलं, नीट पाहा, इथं दोघींनीही एकमेकींना फुकट काही दिलेलं नाही.

मला खुपतो तो ड्रॉ जो पटावर काही घडायच्या आधीच ठरलेला असतो. आमच्या भागात कापूस काट्यावर चढल्याशिवाय कुणी वजन मान्य करत नाही. घेणारा आणि देणारा दोघंही म्हणाले, "जाऊ द्या, धरू अर्धं-अर्धं," तर शेजारी उभा असलेला तिसरा शेतकरी पहिल्यांदा विचारील की माझा नंबर कधी लावताय आणि माझ्या मालाचा भाव या अंदाजावर का ठरवताय. बुद्धिबळाच्या स्पर्धेत हा तिसरा माणूस असतोच, फक्त तो दुसऱ्या पटावर मान खाली घालून खेळत असतो, त्यामुळे विचारत नाही.

आठ फेऱ्यांची स्विस लीग स्पर्धा धरा. सात फेऱ्यांनंतर दोघांचे साडेसहा गुण आहेत, ते पहिल्या पटावर. त्यांच्या मागे सहा गुणांचे दोघंच आहेत, ते दुसऱ्या पटावर. पहिल्या पटावर कुणी एक जिंकला तर तो साडेसातला जातो आणि हरलेला साडेसहावर राहतो. मग दुसऱ्या पटावर जिंकणारा सात गुण घेऊन एकटा दुसरा येतो. पण पहिल्या पटावर दहा चालींत ड्रॉ झाला तर तिथले दोघंही सातवर. दुसऱ्या पटावरचा मुलगा चार तास झुंजून जिंकला तरी त्याचेही सातच. आता तिघांत क्रम लावायचा तो टायब्रेकनं, बहुधा बुकोल्झ पद्धतीनं. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या गुणांची ती बेरीज. वरच्या पटांवर सुरुवातीपासून खेळणाऱ्यांची बेरीज सहसा जास्त भरते. दुसऱ्या पटावरचा मुलगा तिसरा जातो.

हाच ड्रॉ साठ चालींनी झाला असता तरी गुण तेवढेच झाले असते, हे मला कळतं. बापमंडळीही हेच सांगतात. फरक एवढाच की साठ चालींच्या डावात कुणीतरी चुकण्याची शक्यता साठ वेळा येऊन गेलेली असते. दुसऱ्या पटावरच्या मुलाचा हक्क त्या शक्यतेवर होता. त्याला दुसरं बक्षीस मिळालंच पाहिजे असं नाही. वरचा डाव खेळला गेलाच पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं असू शकतं, आणि तेवढ्यालाच तो मुकतो.

दुसरं एक नुकसान गुणतक्त्यावर दिसत नाही. आमच्याकडच्या स्पर्धांत एका दिवशी तीन-तीन फेऱ्या होतात. एक जण पंधरा मिनिटांत ड्रॉ घेऊन बाहेर जातो, जेवतो, सावलीत आडवा होतो. दुसरा घड्याळातलं शेवटचं मिनिट संपेपर्यंत खेळतो आणि वडापाव हातात घेऊनच पुढच्या फेरीला बसतो. पुढच्या फेरीत हे दोघं समोरासमोर आले की निम्मा डाव आधीच झालेला असतो.

हे मोठ्या पातळीवर घडलं तेव्हा जगभर आरडाओरडा झाला होता. १९६२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर आव्हानवीरांची स्पर्धा झाली. आठ खेळाडू, प्रत्येकाशी चार-चार डाव, दमवणारी हवा. पेट्रोसियान, केरेस आणि गेलर या तिघा सोव्हिएत खेळाडूंनी आपापसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले, तेही बहुतेक थोडक्या चालींत. एकमेकांशी खेळताना विश्रांती आणि बाकीच्यांशी खेळताना ताजं डोकं, असा हिशेब. पेट्रोसियान साडेसतरा गुणांनी पहिला आला आणि पुढच्या वर्षी बोत्विनिकला हरवून जगज्जेता झाला. बॉबी फिशर चौथा होता, चौदा गुणांवर. त्यानं अमेरिकेतल्या एका क्रीडा साप्ताहिकात जाहीर आरोप केला की रशियनांनी स्पर्धा ठरवून खेळली. फिशर साडेतीन गुणांनी मागे होता, तेव्हा ते ड्रॉ नसते तर तोच जिंकला असता असं काही मी म्हणणार नाही. पण त्याच्या तक्रारीतला मुद्दा खरा होता, आणि जागतिक संघटनेनं आव्हानवीर निवडायची ती पद्धतच बदलून बाद फेरीचे सामने सुरू केले. मुलांना मी ही गोष्ट सांगते ती फिशरच्या रागासाठी नाही. तीन माणसांनी आपापसात सोय पाहिली आणि त्याचा भार उरलेल्या पाच जणांवर पडला, हे त्यांना आकड्यांत दिसावं म्हणून सांगते.

माझ्या स्वतःच्या वर्गात हा प्रश्न दाराशी आला तो शेवटच्या फेरीत माझ्याच दोन मुलांची जोडी लागली तेव्हा. तेरा वर्षांखालचा गट होता. दोघं एकाच गावचे, एकाच एसटीनं आलेले, एकाच डब्यात जेवलेले. ड्रॉ झाला तर दोघंही बक्षिसांत बसत होते. दोघांचे वडील मला शोधत आले. एक म्हणाले, "मॅडम, दोन्ही पोरं आपलीच. कशाला एकमेकांचं नुकसान? अर्धा-अर्धा घेऊ द्या." दुसरे काही बोलले नाहीत, पण त्यांचीही तीच इच्छा होती, हे दिसत होतं.

मी म्हटलं, "खेळून ड्रॉ झाला तर मलाही आनंद आहे. पण मी त्यांना आधी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका."

"मॅडम, रोज तर खेळतातच की दोघं. आज नाही खेळले तर काय बिघडलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे त्या वेळी लांबलचक उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की रोज खेळतात तेव्हा बाकीची मुलं त्यांच्या निकालाची वाट पाहत नसतात. दोघं खेळले. घोड्या-प्याद्यांच्या शेवटात एकाचा घोडा पटाच्या कडेला अडकला आणि तो हरला. बक्षिसांतून बाहेर गेला. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून राहिला, आणि त्याच्या वडिलांनी बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं. त्याच्या जागी शेवटचं बक्षीस गेलं ते बीड जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाला. तो आईबरोबर एकटाच आला होता, त्याच्या गावात शिकवणारं कुणी नव्हतं, मोबाइलवर बघून शिकला होता. बक्षीस घेताना त्यानं माझ्या पाया पडायला वाकून पाहिलं. ही जागा त्याला कशामुळे मिळाली, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगायचं कारणही नाही. ती त्याचीच होती.

पुढे पालकांच्या हाती नवी उदाहरणं आली. डिसेंबर २०२३ मध्ये समरकंदला जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत दुबोव आणि नेपोम्नियाची या दोन बड्या खेळाडूंनी फक्त घोडे इकडून तिकडे फिरवत तेरा चालींत ड्रॉ केला. पंचांनी दोघांनाही शून्य दिला आणि अपिलातही तो कायम राहिला. माझ्या मुलांनी तो डाव मोबाइलवर मला दाखवला. त्यांना त्याची गंमत वाटत होती, मला पंचांचा निर्णय आवडला. वर्षभरानं, ३१ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कार्लसन आणि नेपोम्नियाची साडेतीन-साडेतीनवर अडले आणि त्यांनी विजेतेपद वाटून घेतलं. संघटनेनंही ते मान्य केलं. मध्यंतरीच्या बोलण्यात कार्लसन म्हणाला होता, की हे मान्य नसेल तर ते ऐकेपर्यंत आपण छोटे ड्रॉ करत राहू. पुढे त्यानं तो विनोद होता असं सांगितलं. पण आमच्याकडे तो विनोद म्हणून पोचला नाही. पुढच्याच महिन्यात एक पालक मला म्हणाले, "मॅडम, तिकडं जगज्जेते वाटून घेतात, आपण कोण लागून गेलो?"

मला या वाक्याचा राग आला नाही. वाईट वाटलं. मोठा खेळाडू काय करतो यावर त्याच्या देशातली संघटना बोलेल, त्याला दंड होईल किंवा होणार नाही. पण तो जे करतो त्याचा अर्थ शेवगावच्या चहाच्या टपरीवर लावला जातो, आणि तिथं अर्थ लावायला कुणी संघटना नसते.

पंच म्हणून काय करता येतं, हे मी एका खुल्या स्पर्धेत पाहिलं. पटांमधून फिरत होते. एका पटाशी नववी चाल चालू होती, पांढऱ्या वजिरानं नुकताच डी-४ वर घोडा मारला होता. सहज दोघांच्या डावपत्रिकांकडे नजर गेली. दोघांच्याही कागदावर चौदाव्या चालीपर्यंत सगळं लिहून तयार होतं.

तो डाव मला तोंडपाठ होता. बर्लिन बचावातला हा ड्रॉ आता गावोगावी पोचलाय. पांढरा वजीर ई-४ वर येऊन शह देतो, काळा वजीर ई-६ वर आडवा येतो. पांढरा मागे डी-४ वर, काळा डी-६ वर. पुन्हा शह, पुन्हा आडवा, पुन्हा मागे. चौदाव्या चालीला तीच स्थिती तिसऱ्यांदा येते आणि नियमानं बरोबरी मागता येते. तीस चालींआधी परस्परसंमतीनं ड्रॉ घ्यायचा नाही, अशी अट असली तरी ही वाट उघडी राहते, कारण इथं संमती नाही, पुनरावृत्ती आहे. खरोखर खेळता खेळता दोघं या चालींवर आले तर माझी हरकत नाही. पण चाल करण्याआधी ती लिहायला नियमानं मनाई आहे, आणि इथं पाच-पाच चाली आधीच लिहिलेल्या होत्या.

मी घड्याळ थांबवलं आणि मुख्य पंचांना बोलावलं. एक जण म्हणाला, आम्ही तयारी करतो ती लिहिली. दुसरा काहीच म्हणाला नाही. मुख्य पंचांनी दोघांनाही शून्य दिला. अपील झालं, समितीनं निर्णय बदलला नाही.

निर्णय बरोबर होता. तरी त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. ते दोघं नवखे होते, म्हणून कागदावर लिहून सापडले. त्याच हॉलमध्ये, त्याच फेरीत, सराईत खेळाडूंनी ठरवून घेतलेले ड्रॉ झाले असणार, आणि त्यांच्या डावपत्रिका अगदी स्वच्छ असणार. नियमाला ठरवणं दिसत नाही, ठरवल्याची खूण दिसते. ज्याला खूण लपवता येते तो मान ताठ ठेवून बक्षीस घेतो. या गोष्टीला माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणून मी पंच म्हणून उभी राहत नाही.

प्रत्येक छोटा ड्रॉ एका मापात मोजता येत नाही, हेही मला याच कामात उमगलं. जायकवाडीच्या फुगवट्याजवळच्या एका गावातला तरुण स्पर्धांना येतो. त्याच्याकडे शेतीची लाईट रात्री असते, त्यामुळे रात्रभर उसाला पाणी देऊन सकाळी पहिल्या फेरीला बसतो. एकदा अकराव्या चालीला त्यानं ड्रॉ विचारला. समोरच्यानं पटाकडे बराच वेळ पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि मान्य केला. हात मिळवल्यावर तो तिथंच टेबलावर डोकं ठेवून झोपला. पुढच्या फेरीला मीच उठवलं. हा ड्रॉ कुठं ठरलेला नव्हता. प्रस्ताव पटावर आला, समोरच्यानं विचार करून घेतला, त्याला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक होती. कुणाला ताप असतो, कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणी तीन फेऱ्या ओळीनं हरून मनानं खचलेला असतो. अशा ड्रॉला मी नावं ठेवत नाही. चालींची संख्या बघून माणसाची नियत कळत नाही.

त्याउलट, नाही म्हणायची मोकळीकच नसलेला प्रस्ताव मला जास्त जाचक वाटतो. एका स्पर्धेत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी एका प्रौढ खेळाडूशी खेळत होती. रेटिंगमध्ये दोनशेचा फरक होता. एवढ्या फरकात तिच्यासारख्या नव्या खेळाडूला ड्रॉ मिळाला तर दहाएक रेटिंग गुण वाढतात, जिंकली तर तीस. त्या गृहस्थांनी ड्रॉ विचारला, तिनं मान हलवून नाही म्हटलं. दोन चालींनी पुन्हा विचारला. मग म्हणाले, "बाळ, घे की. तुझं रेटिंग वाढेल." तिनं हात वर केला. मी गेल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, हे सारखं ड्रॉ विचारतात."

तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा संकोच जास्त होता. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायला मुलींना शिकवलेलं नसतं, आणि समोरचा माणूस वडीलधारा म्हणूनच बोलत होता. पुन्हा पुन्हा ड्रॉ विचारणं हा प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्याचाच प्रकार आहे. मी त्यांना ताकीद दिली आणि तिच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवून दिली. डाव पुढे चालला. तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं आणि ते पुढे सरकलेलं होतं. हत्ती त्या प्याद्याच्या मागे हवा होता, तिनं पुढे ठेवला. हत्ती अडकला, प्यादं गेलं, डाव गेला.

बाहेर वडील थांबले होते. "मिळत होतं ते घालवलंस," ते म्हणाले. ती म्हणाली, "पण पप्पा, माझं प्यादं जास्त होतं ना."

मला या वाक्यापुढे बोलण्यासारखं काही सापडलं नाही, आणि आजही मुलांना ड्रॉबद्दल सांगताना मला आठवतं ते हेच वाक्य. तिनं समोरच्या माणसाचं वय पाहिलं नाही, स्वतःचं रेटिंग पाहिलं नाही, पटावर काय आहे ते पाहिलं आणि त्यावर विश्वास ठेवला. हत्ती कुठं ठेवायचा हे शिकवता येतं. मी नंतर तिला ते पाच मिनिटांत दाखवलं. तो विश्वास शिकवायला मला मुलागणिक काही वर्षं लागतात, आणि एक "घे की बाळ, अर्धा गुण" तो मोडायला पुरतो.

शेवगावात आमच्या स्पर्धा भरवताना आम्ही बरेच उपाय करून पाहिले. २००५ मध्ये बल्गेरियात सोफियाच्या स्पर्धेत परस्परसंमतीच्या ड्रॉवर बंदी घातली गेली आणि तो नियम सोफियाच्या नावानं प्रसिद्ध झाला. ऑलिम्पियाडमध्ये तीस चालींची अट असते. आम्ही तीस चालींची अट माहितीपत्रकात घातली. मुलांच्या गटांत ती चांगली चालली, कारण तीस चाली खेळता खेळता बहुतेक डावांत काहीतरी होऊन जातं. मोठ्यांनी पुनरावृत्तीचे रस्ते शोधले. मग स्पेनमध्ये बिल्बाओला २००८ मध्ये वापरलेली पद्धत घेतली, जिंकल्यास तीन गुण आणि ड्रॉला एक. कागदावर ती फार आकर्षक दिसते. पण थोडा विचार केला की लक्षात येतं, दोन मित्रांना ड्रॉमध्ये मिळून दोन गुण मिळतात आणि एकानं मुद्दाम हरल्यास तीन. बक्षीस नंतर वाटून घेता येतं. म्हणजे ठरवणाऱ्याला या पद्धतीत जास्त मिळतं. स्थानिक स्पर्धेत, जिथं सगळे एकमेकांना ओळखतात, हा मोह छोटा नाही. आम्ही ती पद्धत सोडली.

टिकला तो वेगळाच उपाय. पहिल्या बक्षिसाची रक्कम कमी केली आणि खालच्या बक्षिसांतला फरक थोडा-थोडा ठेवला, म्हणजे अर्ध्या गुणासाठी व्यवहार करण्यात फार काही उरत नाही. आणि सर्वांत चांगल्या डावाला वेगळं बक्षीस ठेवलं, पुस्तक आणि थोडी रोख रक्कम. हरलेल्या डावालाही ते मिळू शकतं. एकदा ते बरोबरीत सुटलेल्या डावालाच मिळालं. दोघांनी एक-एक हत्ती बळी दिला होता आणि शेवटी कायम शहानं डाव सुटला. वाटून घेण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

स्पर्धेआधी पालकांशी बोलणं हे मात्र मी कोणत्याही नियमापेक्षा महत्त्वाचं मानते. शेवटच्या फेरीआधी बोलून उपयोग होत नाही, तेव्हा आकडे डोळ्यांसमोर असतात. एसटीत बसतानाच सांगते: तुमची दोन पोरं समोरासमोर आली तर ती खेळतील, हे आधीच मनाशी धरा. नाशिकच्या विदित गुजराथीचं उदाहरण देते. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलीच फेरी तो हरला होता आणि तरीही शेवटी ती स्पर्धा त्यानंच जिंकली. हरण्याची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही, हे त्यांना शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलाकडून पटतं.

वर्गात आता एक शिरस्ता आहे. स्पर्धेत कुणी लवकर ड्रॉ घेतला की पुढच्या वर्गात ती स्थिती पटावर मांडायची आणि तिथून डाव पुढे खेळायचा, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून. रागवायचं नाही, ड्रॉ का घेतला हेही विचारायचं नाही. नुसतं खेळायचं. ही सवय पक्की झाली ती १२ डिसेंबर २०२४ नंतर. सिंगापूरला जगज्जेतेपदासाठी बसलेल्या डिंग आणि गुकेशचा चौदावा, शेवटचा डाव आम्ही वर्गात मोबाइलवर पाहत होतो. गुकेशचं एक प्यादं जास्त, पण दोघांकडे हत्ती आणि उंट, सगळं एका बाजूला. मुलंसुद्धा म्हणत होती, ड्रॉच आहे, उद्या जलद डाव होणार. गुकेश खेळत राहिला. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एफ-२ वर नेला. हत्तींची अदलाबदल झाली, मग गुकेशनं उंटही समोर आणून बदलायला लावले आणि राहिलेल्या प्याद्यांत डिंगनं डाव सोडला. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. वर्गात सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला, आणि एका मुलानं विचारलं, "मॅडम, म्हणजे तो ड्रॉ नव्हताच?" दुसरा म्हणाला, "होता रे, पण खेळला ना तो."

तेव्हापासून मांडलेल्या स्थितींपैकी खऱ्या अर्थानं समान अशा थोड्याच निघाल्या. बहुतेक ठिकाणी कुणाचं तरी काहीतरी जास्त असतं, फक्त ते शोधायला दहा-बारा चाली खेळाव्या लागतात. मागच्या स्पर्धेत माझ्या एका मुलानं पांढऱ्या मोहऱ्यांनी सतराव्या चालीला ड्रॉ घेतला. मांडून खेळलो तर काळ्याची स्थिती चांगली निघाली, म्हणजे मुलाचा अंदाज त्याच्या परीनं शहाणपणाचा होता. मग दुसऱ्या एकानं पांढऱ्यांकडून ए-प्यादं पुढे रेटून पाहिलं आणि सगळंच बदललं. काळा घोडा डी-५ वर आल्यावर पांढऱ्यानं उंट द्यावा की नाही, यावर दोघांचं अजून एकमत नाही. रविवारी पुन्हा मांडायचं ठरलंय.